सुनाखरीच्या तळाशी

साइला दाजूच्या शिव्या खायला लोक लांबून लांबून यायचे. कालिम्पोंगच्या आमच्या चढावर त्याचं घर शेवटचं आणि माझं शेवटून दुसरं. त्यामुळे त्याच्याकडे जाणारं प्रत्येक आजारी झाड माझ्या दारावरून वर जायचं आणि त्याचा मालक अर्ध्या तासानं मान खाली घालून माझ्या दारावरूनच परत यायचा. पुष्कळदा मी त्यांना आत बोलावून चहा द्यायची. त्या माणसाला शेजारी नसती, तर त्याचा धंदा कधीच बसला असता. अर्थात धंदा म्हणायलाही काही नव्हतं. तो कोणाकडून काही घ्यायचा नाही, फार तर रिकामा तेलाचा डबा.

रेशनकार्डावर त्याचं नाव मोहरसिंह बस्नेत. तिसरा मुलगा म्हणून साइला, आणि सगळ्या चढाचा दाजू, म्हणजे थोरला भाऊ. थोरला फौजेतून निवृत्त होऊन देहरादूनला राहिला, दुसरा, माइला, गुवाहाटीला बायकोच्या माहेरी. मागे उरला हा. लग्न केलं नाही, का ते कोणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याला काय उत्तर मिळेल ते सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी खालच्या नर्सरीत काम, दुपारनंतर ओसरीवर दुखणाईत सुनाखऱ्या, म्हणजे ऑर्किडची झाडं.

आमच्याकडे सुनाखरी नाही असं घर नाही. ज्याच्या छपराला भोक आहे त्याच्याही ओसरीत दोन डबे टांगलेले असतात. आणि ज्या झाडाला जंगलात फांदीवर कोणी ढुंकून बघत नाही, दगडासारखं टिकतं, ते घरात आलं की दोन वर्षांत माना टाकतं. कारण एकच. साइला दाजू ते कारण रोज नव्यानं सांगायचा.

"पाणी किती घालता?"

"रोज, दाजू. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा." ही बँकेतल्या साहेबांची बायको, गेल्या वर्षीची. "पोटच्या पोरासारखी जपते हो."

"पोटच्या पोराला दिवसभर पाण्यात उभं करता का?"

मग तो झाड डब्यातून उपसून काढायचा, मुळं धुवायचा आणि एकेक मूळ दोन बोटांत दाबत जायचा. जिवंत मूळ टणक लागतं. मेलेलं दाबलं की पिचकतं, साल हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. "हे बघा, शेवया शिजवल्यात तुम्ही," तो म्हणायचा. "झाड तहानेनं मरत नाही, मायेनं मरतं. जा आता. दोन महिन्यांनी या. आणि नवऱ्याला पाठवू नका, ज्याचं झाड त्यानंच न्यायला यायचं." हा त्याचा नियम होता. झाड परत देताना पुन्हा एकदा शिव्या देता याव्यात म्हणून असावा.

मी तीस वर्षं खालच्या प्राथमिक शाळेत शिकवलं, म्हणून सगळा चढ मला मिस म्हणतो. माझ्या स्वभावाबद्दल लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. पण साइला दाजूचं आणि माझं जमायचं, दोघांच्याही नाकावर राग असल्यामुळे असेल. त्याच्या घरातली एक गोष्ट मात्र मी कधी चिडवायला घेतली नाही. ती म्हणजे खिडकीतला मोठा डबा.

त्या डब्यात कार्तिकात फुलणारी सुनाखरी होती. पिवळसर हिरवी फुलं, त्यांवर तपकिरी रेघा, आणि उन्हं आली की घरभर वास. ही त्याच्या बापानं आणलेली, आणि त्याच्या धाकट्या बहिणीच्या, जुनकिरीच्या, हातची. तिला घरात कान्छी म्हणत. तिहार, म्हणजे आमची दिवाळी, आला की नेमकी ही फुलायची आणि कान्छी भाईटीकाच्या, म्हणजे भाऊबिजेच्या, दिवशी भावाच्या पाटाशेजारी हा डबा आणून ठेवायची. थोरले दोघे तेव्हाही बाहेरगावीच असायचे. तिच्या टीक्याला हक्काचं कपाळ एकच होतं.

त्यांच्या घरची आणखी एक रीत होती, दुसरीकडे कुठे मी पाहिली नाही. भाईटीकाला बहीण उंबऱ्यावर दगडानं अक्रोड फोडते, भावाचं मरण फुटून जावं म्हणून. बाकीच्या घरांत ती टरफलं केराबरोबर जातात. यांच्याकडे मात्र बापानं ठरवून दिलं होतं: फेकायची नाहीत, सुनाखरीच्या डब्यात तळाशी घालायची. पाणी साचत नाही, मुळांना हवा मिळते. म्हातारा नर्सरीत मुकादम होता. देवधर्मातूनही झाडाच्या कामाचं काढून घ्यायचा.

कान्छी एकोणीस वर्षांची असताना लग्नाच्या मोसमात पळून गेली. ज्याच्याबरोबर गेली तो रूपेन दर्नाल वरातीत सनई वाजवायचा आणि एरवी शिलाई करायचा. दमाईचा, खालच्या मानलेल्या जातीचा मुलगा. बस्नेतांच्या उंबऱ्याच्या आत ज्याच्या बापानं कधी पाऊल ठेवलं नाही, त्याच्या घरी बस्नेतांची मुलगी. जाताना तिनं कपडे नेले नाहीत, दागिना नेला नाही. खिडकीतल्या डब्यातली सुनाखरी हातानं फोडून अर्धी नेली.

म्हातारा त्यातून उठला नाही. पुढच्या चैत्रात गेला. जाण्याआधी तांब्याच्या लोटीत पाणी आणि तुळस घालून मागवली आणि साइलाचा हात तिच्यावर ठेवून वदवून घेतलं: तिचं पाऊल या उंबऱ्यावर पडणार नाही, तुझं पाऊल तिच्या उंबऱ्यावर पडणार नाही. मी तेव्हा त्या खोलीत होते. शिकलेली, शाळेत शिकवणारी मुलगी होते, आणि गप्प उभी राहिले.

त्याला आता चोवीस वर्षं झाली होती. आमच्याकडे तामा-तुलसीची शपथ मोडणारेही पुष्कळ सापडतील. मी दोन तर नावानं सांगेन. हा मोडणारा नव्हता. सुंभ जळाला होता, पीळ तसाच होता.

दर भाईटीकाच्या सकाळी माझे तिन्ही भाऊ येतात, सात रंगांचा टीका लावून घेतात, तांदळाच्या पिठाचे गोड सेल खातात आणि माझं छप्पर गळतं का हे न विचारता जातात. त्याच वेळी साइला दाजू पाठीवर टोपली घेऊन, पट्टा कपाळावर ओढून, शेवाळ आणायला जंगलात निघायचा. परत यायचा तो अंधार पडता पडता, जेव्हा रस्त्यावर रंगीत कपाळं दिसेनाशी होतात. मी एकदा म्हटलं होतं, "या, मी लावते. एका भावानं माझ्याकडे काय कमी होणार आहे?"

"मिस, मीठ उसनं घेतो तुमच्याकडून," तो म्हणाला. "टीका नाही घेणार."

त्याचं कपाळ त्या एका दिवशी मला बघवत नसे.

*

त्या वर्षीच्या ज्येष्ठात, ढग दारात उतरलेले असताना, एक मुलगी डबा छातीशी धरून चढ चढून आली. वीस-एकवीस वर्षांची, लांबची वाटली, चपला चिखलानं भरलेल्या. मी तेव्हा दाजूच्याच ओसरीवर बसले होते, चहा घेऊन गेले होते त्याच्यासाठी.

"सुनाखरीचे डॉक्टर तुम्हीच का?"

"डॉक्टर दवाखान्यात असतो. डबा खाली ठेव. कुठून आलीस?"

"सोनादाहून."

"तीस्ता ओलांडून? तिकडे झाडं मारायला माणसं कमी पडली, म्हणून इकडे आणलंस?" त्यानं डब्यात बोट खुपसलं आणि त्याचा आवाज चढला. "ही काय सुनाखरी आहे की भाताचं खाचर? पाणी कोण घालतं?"

"आई."

"आईला सांग, म्हैस पाळ. तिला डुंबायला आवडतं."

ती हसली नाही, रागावली नाही. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. शिव्या खाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती, पण कोणी इतक्या लक्षपूर्वक खाल्लेल्या पाहिल्या नव्हत्या. दाजूनं आणखी पाच मिनिटं तिला झोडपलं. तिची आई, सोनादाचं पाणी, हल्लीच्या मुली, काही शिल्लक ठेवलं नाही.

"नाव काय तुझं?"

"रोजिना."

"तर रोजिना, हे जगेल असं मी म्हणत नाही. तिहारात ये. आणि तू नाही, आईनं यायचं. झाड तिचं, शिव्याही तिच्या."

"आई नाही येणार," ती म्हणाली.

"का? पाय नाहीत?"

"पाय आहेत." एवढंच बोलली आणि उतरून गेली. वळणावर थांबून तिनं घराकडे एकदा मागे वळून पाहिलं, ते मला आठवतं.

दाजूनं डबा उपडा केला. चिखल झालेलं शेवाळ बाहेर आलं, सडलेली मुळं आली. एकही पान नव्हतं. चार गड्डे तेवढे एकमेकांना चिकटून होते, त्यातले तीन तर बोटानं दाबताच फुटले. आणि मग डब्याच्या तळातून खडखड करत टरफलं पडू लागली. अक्रोडाची. डब्याचा जवळजवळ अर्धा भाग टरफलांनी भरलेला होता. वरची ताजी, तपकिरी. त्याखालची काळी पडलेली. तळाची तर कुजून माती व्हायला आलेली.

दाजूचे हात थांबले. चुलीवर दूध असतं तर ते उतू गेलं असतं, इतका वेळ तो तसाच बसला. मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि मी हातातला कप खाली ठेवला.

"मिस," तो म्हणाला, "कान्छी दर वर्षी फोडतेय."

मी खाली वाकून ते थर पाहिले.

"समोर पाट रिकामा ठेवून फोडत असेल. माझ्या नावानं. चोवीस वर्षं." त्यानं एक टरफल उचललं, पुसलं, परत ठेवलं. मग एकदम त्याचा चेहरा उतरला. "आणि ती पोरगी माझी भाची होती. भाचीला मी म्हैस पाळ म्हणालो."

"भाचीला नाही. तिच्या आईला म्हणालात."

"तेवढंच बरं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मी त्याला डोळे पुसताना पाहिलं.

भाची म्हणजे आमच्याकडे देव. मामानं तिच्या पाया पडायचं, तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा दारात आलेली भाची, आणि हा तिला चिखलाच्या चपलांसकट उभी ठेवून झोडपत बसला होता. त्या रात्री त्यानं जेवण केलं नाही, हे मला दुसऱ्या दिवशी त्याच्या न घासलेल्या तव्यावरून कळलं.

*

एक गड्डा टणक होता. सुरकुतलेला, बिनपानांचा, पण टणक. दाजूनं ब्लेड दिव्यावर तापवलं, कुजकं सगळं कापून काढलं, कापल्या जागी दालचिनीची पूड चोळली आणि तो गड्डा दोन दिवस सावलीत सुकत ठेवला. मग धुतलेल्या शेवाळात अर्धा पुरून खिडकीत, आपल्या मोठ्या डब्याशेजारी, मांडला. पाणी घातलं नाही. इतरांची झाडं तो अशीच करायचा, त्यात नवल नव्हतं. नवल हे की इतरांच्या झाडांकडे तो आठवड्यातून एकदा बघायचा, आणि याच्यासाठी नर्सरीतून दुपारी जेवायच्या सुट्टीत घरी यायचा. पाण्याचं भांडं हातात घेऊन उभा राहायचा, मग भांडं खाली ठेवायचा.

"हात शिवशिवतात हो, मिस," एकदा म्हणाला. "लोकांना मी उगाच इतकं बोललो."

श्रावणात गड्ड्याच्या बुडाशी हिरवा कोंब दिसला, तांदळाच्या दाण्याएवढा. मी पेढे नाहीत म्हणून गूळ घेऊन गेले. तो खिडकीशी उभा होता, आणि तोंड असं की कोणी गेलंय.

"कोंब आला ना?"

"आला."

"मग?"

"मग काय. बरं झालं की जाईल." त्यानं गूळ घेतला, पण खाल्ला नाही. "इतक्या वर्षांत तिच्या हातची एक वस्तू या घरात आली. ती मीच बरी करून परत पाठवायची."

तेव्हा मी त्याला जे बोलले ते तीस वर्षांत कुठल्या पोरालाही बोलले नव्हते. म्हटलं, बाप गेला, त्याची राख तीस्तेनं समुद्रात नेऊन टाकली, आणि तुम्ही अजून लोटीवर हात ठेवून बसलात. सोनादाची जीप सकाळी सात वाजता सुटते. जा.

"जाऊन काय करू? तिच्या दाराबाहेर उभा राहू?"

"पत्र तरी पाठवा. तुम्ही सांगा, मी लिहिते."

"काय लिहाल? ये असं म्हणता येत नाही, येतो असंही म्हणता येत नाही." मग अगदी हळू म्हणाला, "थोरला फौजेत गेला तेव्हा बाउनं त्याला काही मागितलं नाही. माइला बायकोकडे राहायला गेला, त्यालाही नाही. जन्मात एकाच मुलाकडे एकच गोष्ट मागितली त्यानं, मिस. तीही मी मोडली तर मी त्याचा कोण?"

मी घरी आले आणि भांडी आपटत बसले. मला त्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त त्या खोलीत गप्प उभ्या राहिलेल्या मुलीचा.

*

तिहारातला दुसरा दिवस कुत्र्यांचा. चढावरची सगळी भटकी कुत्री गळ्यात झेंडूच्या माळा घालून मोठ्या ऐटीत हिंडत होती. अशात रोजिना आली. एकटीच.

दाजू ओसरीवर होता. तिला पाहून उठला, पायऱ्या उतरला, आणि काही न बोलता वाकून त्यानं तिच्या पायांवर कपाळ टेकलं. मुलगी मागे सरकली नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याला कळलंय हे तिला तिथेच कळलं.

"बस," तो म्हणाला. "आई बरी आहे?"

"बरी आहे."

"बाबा?"

हे त्यानं विचारलं, तेव्हा मला माझ्या कानांवर विश्वास बसेना.

"बाबांचे डोळे अधू झालेत. सुई ओवायला मी लागते. पण सनई वाजवतात अजून."

"हं," दाजू म्हणाला. "चांगला वाजवायचा." मग आत गेला आणि बाहेर आला तो खिडकीतला मोठा डबा दोन्ही हातांत धरून. तीन तुरे होते त्या वर्षी, फुलांच्या भारानं वाकलेले. ओसरीवर वास पसरला. "घे."

"हे आईचं झाड नाही, मामा," रोजिना म्हणाली. "आईच्या झाडाला पानसुद्धा नव्हतं."

"हेच आहे. तिला सांग, हेच आहे."

मी मध्ये तोंड घातलं, कारण मला राहवेना. "दाजू, तुमच्या बापाच्या हातचं एवढं एकच उरलंय."

"त्या कोंबाला फूल यायला चार वर्षं लागतील," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मला थांबायची सवय आहे. तिच्या भाईटीकाला या वर्षी घरचं फूल जाऊ दे. पाट रिकामा असेल तर असेल, शेजारी डबा तरी असेल."

मुलीनं डबा उचलला. मोठा होता, म्हणून वळणापर्यंत मी एका बाजूनं धरला. माझ्या दाराशी आलो तेव्हा दम लागला आणि डबा क्षणभर माझ्या उंबऱ्यावर टेकवला. लक्ष्मीपूजेसाठी मी सकाळीच तो तांबड्या मातीनं सारवला होता, ओला होता अजून. डब्याचं गोल वर्तुळ त्यावर उमटलं. मी त्याकडे बघत राहिले.

लोटीवर हात ठेवून म्हाताऱ्यानं दोन उंबरे बांधले होते. ही मी, पोरांना तीस वर्षं मोजायला शिकवणारी बाई, चोवीस वर्षं दोनापुढे गेलेच नव्हते.

"रोजिना," मी म्हटलं, "आईला सांग, शेजारच्या मिसनी बोलावलंय. माझ्या घरी. माझ्या उंबऱ्याबद्दल कोणी कधी शपथ घेतलेली नाही. अक्रोड मी आणून ठेवते. फक्त तिनं यावं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "येईल का ते मी सांगू शकत नाही, मिस. आई भित्री आहे."

"या घराण्यात सगळेच भित्रे आहेत," मी म्हटलं. "तू सांगून तर बघ."

*

दाजूला मी काही सांगितलं नाही. ती आली नसती, तर त्या माणसाचं काय झालं असतं याचा विचार मला करवत नव्हता.

भाईटीकाच्या सकाळी माझे भाऊ आले, कपाळं रंगवून घेतली, सेल खाल्ले. धाकट्यानं तर पिशवीतही भरून घेतले. सोनादाची जीप साडेनवापर्यंत खालच्या स्टँडवर लागायला हवी होती. नऊ वाजता साइला दाजू टोपली पाठीवर घेऊन, पट्टा कपाळावर ओढून माझ्या दारावरून निघाला.

"दाजू, जरा थांबा. माझी सुनाखरी बघून जा."

"तुमची सुनाखरी पाच वर्षांपूर्वी मेली, मिस."

"मेलीच आहे याची खात्री करून द्या."

"मीच पुरली होती ती."

"मग चहा घ्या. तो तरी मेला नाही ना?"

त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं, पण टेकला. टोपली काढली नाही, पट्टाही नाही. एक चहा झाला. दुसरा झाला. दहा वाजले, साडेदहा वाजले. माझे भाऊ जायला निघाले. मोठा म्हणाला, ताई, आज तुझं लक्ष कुठाय? मी म्हटलं, जा तुम्ही. दाजूही उठला. "उन्हं चढली, शेवाळ सुकतं," म्हणाला. थांबवायला माझ्याकडे आता काही उरलं नव्हतं.

तो पायरी उतरला आणि तिथेच उभा राहिला.

वळणावरून रोजिना डबा घेऊन येत होती, तीन तुरे तिच्या डोक्याच्या वर हलत होते. तिच्यामागे एक बाई, जाडसर, चढानं धापा टाकणारी, हातात फडक्यानं झाकलेलं ताट. मी जिला पाहिलं होतं ती सडपातळ पोरगी होती. पण चालताना एक खांदा किंचित वर धरायची तिची लहानपणची सवय तशीच होती. दाजूच्या घराकडे तिनं मान वर करून पाहिलंही नाही. सरळ माझ्या दाराशी आली, चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

चोवीस वर्षांचं एकदम कुठून सुरू करायचं ते दोघांनाही सुचेना. मी शाळेत असते, तर दोघांना ओरडले असते.

शेवटी तीच म्हणाली, "पट्टा काढ ना, दाजू. टीका कुठे लावू?"

त्यानं टोपली उतरवली. पट्ट्याचा वळ कपाळावर लाल उमटला होता. मी पाट मांडला, रोजिनानं शेजारी डबा ठेवला. कान्छीनं दूर्वांनी तेल शिंपडत त्याच्याभोवती तीन फेरे घातले. उंबऱ्यावर अक्रोड ठेवला आणि दगड घातला, तो पहिल्या घावाला फुटला नाही. दुसऱ्या घावाला फुटला. मग त्याच्या कपाळावर, त्या वळाच्या बरोबर वर, एकाखाली एक सात रंग लावले, कधी कोमेजत नाही त्या मखमली फुलांची माळ घातली आणि खाली बसून रडली. तोही रडला. मी स्वयंपाकघरात गेले, कारण तिथे मला काही काम होतं असं मला वाटलं.

बाहेर आले तेव्हा तो सेल खात होता आणि त्याच्या नेहमीच्या आवाजात तिला बोलत होता.

"पण इतकं पाणी, कान्छी? बाउनं तुला मांडीवर बसवून शिकवलं होतं. चोवीस वर्षं जगवलंस ते झाड, आणि एका हिवाळ्यात शेवया केल्यास? कळत नव्हतं तुला?"

"कळत होतं."

"मग?"

ती उंबऱ्यावरची टरफलं गोळा करत होती. मान वर केली नाही. "बाजारात कोणीतरी म्हणालं, कालिम्पोंगला चढावर एक माणूस आहे, कुजलेल्या मुळांची सुनाखरी बरी करतो, पण पाणी घातलं म्हणून फार शिव्या देतो. मी विचारलं, नाव काय? म्हणाले, साइला." तिनं आणखी एक टरफल उचललं. "माझी तर सुनाखरी ठणठणीत होती, दाजू. तुझ्याकडे काय म्हणून पाठवणार होते? माघापासून घातलं पाणी. सकाळ-संध्याकाळ, मोजून. एकेक पान गळायचं तेव्हा वाटायचं, आता पुरे, मेलं तर? पण थोडं कुजलेलं असतं तर कोणीही बरं केलं असतं. तुझ्यावाचून कोणालाच जमू नये, इतकं कुजायला हवं होतं."

दाजूच्या हातातला सेल हातातच राहिला. ज्यानं सगळ्या गावाला मायेनं झाड मारू नका म्हणून शिव्या घातल्या, त्यानं तो सेल ताटात परत ठेवला. मग त्यानं हात पुढे केला, तिनं गोळा केलेली टरफलं घेतली, निम्मी आपल्या खिशात घातली आणि निम्मी तिच्या ओंजळीत परत दिली.

"पुढच्या वर्षी पाणी घालू नकोस," तो म्हणाला. "नुसती ये."